साडूचा काळा चहा

वऱ्हाडात पाहुणा म्हणून जाऊन दुधाचा चहा नाकारायची हिंमत असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्याकडे पाहुण्याने जेवण नाकारलं तर त्याचं पोट बिघडलंय असं समजतात. चहा नाकारला तर संबंध बिघडले असं समजतात. त्यातून या गृहस्थाचं काम असं, की गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर दुधातलं फॅट मोजायची जी मशीनं असतात ती दुरुस्त करत फिरायचं. भाकर दुधाची, ओळखी दुधाच्या, शर्टाला वास दुधाचा आणि तोंडाला मात्र थेंब लावायचा नाही. सोनाराने बायकोला लाखेच्या बांगड्या घालाव्यात तसा हा प्रकार. पण त्याला हे बोलून दाखवलं की तो स्क्रू ड्रायव्हर कानामागे खोचून म्हणायचा, "मास्तर, तुमी शाळेत पस्तीस वर्सं मुलांले मारलं, मंग घरी येऊन सोताले मारत होते काय?"

याची सुरुवात ताईंपासून झाली. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूची बायको. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात त्यांनी वाटीभर बासुंदी खाल्ली आणि अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला, मांडवातूनच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी दूध, दही, तूप, लोणी, खवा सगळ्यावर एका ओळीत काट मारली. घर आधीच शाकाहारी. पुण्याच्या भाच्याने फोनवर धीर दिला, "मावशी, याला व्हीगन म्हणतात, इकडे लोक हौसेने होतात." ताईंना त्यातून काही धीर आला नाही. हळूहळू त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. पंगतीत सगळे जेवत असताना आपण पिशवीतून डबा काढायचा आणि शेजारणीने वाकून विचारायचं, "काय झालं वं माय तुले?" यापेक्षा घर बरं, असं त्यांनी ठरवलं. बोलक्या बाई, पण माहेरच्या लग्नालासुद्धा त्या आल्या नाहीत.

साडूने त्याच आठवड्यात दूध सोडलं. दिवसाला आठ कप चहा पिणारा माणूस. सकाळी पहिला कप पोटात गेल्याशिवाय त्याला स्वतःचं नाव आठवत नसे. घरात कारण विचारलं तर म्हणाला, "मन उतरलं." आणि या वर्षी हिवाळा लागल्यावर त्याने ताईंना फर्मान काढलं, "यंदा माह्यासंगं दौऱ्यावर चाल. आठ दिवस. ड्यूटीची ड्यूटी अन् सहलीची सहल. डबा घ्याचा नाही. खुर्चीवर बसून, चार लोकाइत, गरम वाढलेलं खाशीन तू." ताईंनी नाही म्हणून पाहिलं, रुसून पाहिलं, गुडघे दुखतात म्हणून पाहिलं. तो गाडीत उशी ठेवून आला. मी नुकताच निवृत्त झालो होतो, घरात माझा अडथळा होत होता. बायकोने मलाही मागच्या सीटवर बसवून दिलं.

त्या दौऱ्याची तयारी या माणसाने महिनाभर चालवली होती. अमरावती ते धामणगाव, तिथून अकोला, तिथून तेल्हारा अशा सगळ्या रस्त्यांवर ताईंना बसून जेवता येईल अशी खानावळ, टपरी, घर जे काही असेल ते त्याने वहीत लिहून ठेवलं होतं आणि प्रत्येकापुढे शेरा मारला होता. 'भाकर चांगली, पोळीले तूप लावते, नजर ठेवणे.' 'मालक भला, बायको विसराळू.' 'झुणका एक नंबर, ताकाची कढी बाजूलेच, चमचा एकच.' या शेवटच्या ठिकाणी त्याने स्वतःच्या पिशवीतून नवा चमचा काढून मालकाला भेट दिला आणि त्यावर दोऱ्याची खूण बांधली. हॉटेलात शिरला की तो आधी टेबलाकडे जात नसे, चुलीकडे जायचा. फॅटच्या धंद्यात त्याचं नाक इतकं तयार झालेलं, की तवा हुंगून तो सांगायचा, "याच्यावर सकाळी लोण्याचा पराठा झाला." स्वयंपाकी शपथा घेऊ लागला की हा नुसता उभा राहायचा. चौथ्या शपथेला स्वयंपाकी तवा घासायला घ्यायचा. अमरावतीहून निघतानाच गिलावड्याच्या, म्हणजे दह्यात भिजवलेल्या वड्याच्या, गाडीवर त्याने दही नसलेला गिलावडा मागितला होता. गाडीवाल्याचा चेहरा असा झाला, जणू याने त्याला नवरदेवाशिवाय वरात काढायला सांगितली. साडूने त्याच्यासमोर चिंचेची चटणी, मीठ, मिरची स्वतः कालवून दाखवली, ताईंना बाकावर बसवलं आणि त्यांनी प्लेट चाटूनपुसून संपवेपर्यंत तो तिथून हलला नाही.

मुश्कील व्हायची ती केंद्रांवर. मशीन उघडायच्या आधीच चहा यायचा, साय तरंगणारा, खास मशीनवाल्या भाऊंसाठी. ताईंचं कारण खरं होतं, त्या सरळ सांगून मोकळ्या व्हायच्या. साडू मात्र आपला नकार दर ठिकाणी वेगळ्या कारणाने सजवायचा. धामणगावला डॉक्टरने मना केलं होतं. पुढच्या गावात नवस होता. अकोल्यात एका शिकलेल्या माणसाला त्याने वासराच्या हक्कावर असं व्याख्यान दिलं, की तो बिचारा स्वतःचा कप खाली ठेवून बसला. मी गाडीत विचारलं, "अहो, एकच कारण धरून ठेवा की." तर म्हणाला, "ज्याले जे पचते, ते द्या लागते." ताई खिडकीबाहेर पाहून हसत होत्या. आपला नवरा सटकलाय, पण निरुपद्रवी आहे, एवढीच त्यांची समजूत होती.

तेल्हाऱ्याच्या अलीकडे एका गावात मात्र हे अंगाशी आलं. सकाळचं दूध होऊन गेलं होतं. साडू मशीन उघडून त्यात डोकं घालून बसलेला, दातात दोन स्क्रू. केंद्राच्या सचिवाने तिसऱ्यांदा विचारलं, "भाऊ, तुमी दूध काहून पेत नाही?" आणि हा तंद्रीत बोलून गेला, "रोज मशीनीत पाहतो ना मी. ज्याले दिसते, त्याच्यानं पेववत नाही." तिथे पाच-सहाजण बसले होते. कोणी हसलं नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

फाट्यावरच्या खानावळीत ताईंना वांग्याची भाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर वाढून होते न होते तोच फोन वाजला. सचिव जवळजवळ रडत होता. "भाऊ, काय बोलून गेले तुमी? मशीनवाल्याले दुधात कायतरी दिसलं मन्ते गाव. टपरीवाल्यानं दूध वापस केलं. बाया लेकराइले पाजून नाही राहिल्या. संध्याकाळचं दूध आता कोणाच्या घरी न्याव?" साडूचा चेहरा पांढरा पडला. त्या गावातल्या निम्म्या घरांची चूल म्हशीवर पेटते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तो उठला, पण ताईंना म्हणाला, "तू जेव. गरम हाय. पूर्ण जेव, मंग निघू." आणि खरोखर त्या जेवेपर्यंत तो दारात येरझारा घालत राहिला.

केंद्रासमोर सारं गाव जमलं होतं. म्हशीवाले सचिवाशी भांडत होते, टपरीवाला म्हशीवाल्यांशी. साडूने सगळ्यांसमोर मशीन लावलं, दूध घातलं, आकडे मोठ्याने वाचले. दूध उत्तम होतं. पण आकड्यांवर कोण विश्वास ठेवतो? एक उंच, काळीसावळी म्हशीवाली बाई गर्दीतून पुढे आली. तिच्या हातात काठोकाठ भरलेला पेला होता. "आकडे तुमचे तुमाले. माह्या म्हशीचं हाय हे. चांगलं हाय ना? मंग प्या."

मला हायसं वाटलं. एक पेला दूध, दोन घोट, संपला विषय. याला काही ॲलर्जी नव्हती, दूध बाधायचं ते त्याच्या बायकोला. मी हळूच म्हणालोही, "पिऊन टाका." साडूने पेला हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत तिच्या हातात दिला.

"दूध चांगलं हाय बाई," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. दूध चांगलं हाय, डाक्टरनं मले मना नाही केलं, नवस बी नाही. हे माही बायको. हिले दूध चालत नाही, जिवावर बेतते. इले चहा लय आवडे. आता ही काळं पाणी पेते अन् मी इच्यासमोर बसून दुधाचा पेऊ काय? म्हून सोडलं. एवढंच हाय."

मागून कोणीतरी ओरडलं, "मंग सरळ सांगाचं ना! इतकी कारणं काहून?"

"लाज वाटते," साडू म्हणाला.

त्याचे कान लाल झाले होते. साठ-सत्तर बाप्यांसमोर, भर उन्हात, साठीच्या माणसाने हे सांगणं म्हणजे काय ते वऱ्हाडात राहणाऱ्यालाच कळेल. कोणी हसलं नाही. इतकी लाजेची गोष्ट कोणी खोटी सांगणार नाही, हे गावाला एकदम पटलं. म्हशीवालीने साडूकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि तो पेला तिथल्या तिथे स्वतः रिकामा केला. पदराने तोंड पुसून टपरीवाल्याला म्हणाली, "कॅन उचल आता." त्याने उचलला.

आम्ही पुढच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, कापसाची शेवटची वेचणी चालली होती. मी मागच्या सीटवर अंग चोरून बसलो होतो. तिथे माझं काही काम नाही, असं मला पहिल्यांदाच वाटत होतं. शेवटी ताईच म्हणाल्या, "दोन वर्सं झाले. मले काहून नाही सांगतलं तुमी?"

साडू रस्त्याकडे पाहत राहिला. "सांगतलं असतं त तू म्हटलं असतं, प्या बापा तुमी चहा, माह्यापाई काहून सोडता. अन् मी पेलो असतो."

ताईंनी वही काढली आणि पुढचा थांबा कोणता ते बघून सांगितलं.

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून डोळे पुसत होती आणि पुसता पुसता तिने विचारलं, "तुम्ही सोडला असता का हो?" मी ताबडतोब हो म्हणालो. तेव्हापासून जेव्हा जेव्हा ती झोपलेली असते आणि मी एकटा जागा असतो, तेव्हा मी स्वतःला हाच प्रश्न विचारतो. मला वाटतं, मी फार समजूतदारपणे, तिला वाईट वाटणार नाही अशा बेताने, दुसऱ्या खोलीत जाऊन प्यालो असतो.