वास नसलेला वायू

चोपड्याचे जीवरामनाना चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढत होते. मोबाइल आले आणि स्टुडिओ बंद पडला. उरलेले फिल्मचे रोल घेऊन नाना उपग्रहांच्या मागे लागले. दिवेलागणीनंतर गच्चीवर जायचे, उपग्रह सरकेल तसा हातानं कॅमेरा फिरवायचे. ठळक उपग्रह फिल्मवर यायचे. नानांना हवा होता तो एक बंद पडलेला, डोळ्यांना न दिसणारा; त्याची वाट मोबाइलवर कळायची.

त्यासाठी फिल्मच अंधूक उजेडही टिपेल इतकी तल्लख करायला हवी होती. जुन्या कुकरची शिट्टी काढून त्यांनी तिथे नळी आणि दाब दाखवणारा काटा बसवला. आत फिल्म ठेवून टायरच्या दुकानातून आणलेला नायट्रोजन भरला, कुकर दिवसभर कोमट ठेवला. फरक पडला, पण थोडा. मग धुळ्याहून हायड्रोजनचं सिलिंडर आलं.

"हाई काय नवीन शे?" बेबाबाईनं नवऱ्याला विचारलं.

"गॅस. फिल्मसाठी."

सून कामिनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. ती म्हणाली, "नाना, याला वास नसतो. गळला तर कळणारसुद्धा नाही, आणि एका ठिणगीनं भडका उडेल. निदान दार उघडं ठेवा."

"डार्करूमचं दार उघडं?" नाना हसले.

आठवड्याभरात निगेटिव्हवर ठिपका आला. ताऱ्यांच्या रेघांमध्ये एकच स्थिर ठिपका, तोच बंद पडलेला उपग्रह. नानांनी तो सगळ्यांना भिंगातून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी अंधूक उपग्रहांसाठी कुकरमधला दाब वाढवला.

गुरुवारी कामिनी घरी आली तेव्हा नाना बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते. डार्करूम बंद होती. तिनं दार किलकिलं करून मोबाइलच्या उजेडात पाहिलं. दोनवर असायला हवा तो काटा शून्यावर होता; कुकरमधला सगळा वायू गळला होता. डार्करूमचा काळ्या कापडानं झाकलेला झरोका स्वयंपाकघरात उघडायचा, आणि तिथे बेबाबाई चहा ठेवत होती. तिच्या हातात लायटर होता.

"आई, थांबा! काही पेटवू नका, बटणाला हात लावू नका!"

कामिनीनं डार्करूमसकट सगळी दारं-खिडक्या सताड उघडल्या, सासूला ओढत अंगणात आणलं.

नाना धावत आले. "अगं, रोल उजेडात उघडे पडलेत! सगळे वाया गेले!"

"काटा बघा, नाना."

त्यांनी पाहिला. खाली बसले. 

सिलिंडर परत जाईल असं कामिनीनं गृहीत धरलं होतं. चार दिवसांनी जेवताना नाना बायकोला म्हणाले, "शेगडी पुढच्या खोलीत हलवली तर?"

 सकाळी बेबाबाई भांडी पुढे नेऊ लागली.