शिरवाळ्यांच्या साच्याची डबल बेल

आधीच सांगते – भूतबीत, भासबीस यावर माझा काडीचा विश्वास नाही. कणकवलीला कॉलेजात फिजिक्स शिकवते मी! पण गेल्या मे महिन्यात मिठबावच्या आमच्या स्वयंपाकघरात जे घडलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो... आणि हसूही!

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. दिवाळीनंतर ते गेले आणि आईचं जेवणच तुटलं. दोन घास खाल्ले की ताट सरकवायची. "माका नको गो." औषधं झाली, टॉनिकं झाली. ती डोळ्यांदेखत वाळत चालली होती, आणि मला काही सुचत नव्हतं.

त्या रविवारी दुपारी म्हटलं, शिरवाळे करू. माळ्यावरून जुना लाकडी साचा काढला. त्याला बघूनच मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! आमच्या घरातला सगळा दंगा त्याच्याभोवतीच तर व्हायचा. तांदळाच्या पिठाचा उकडलेला गोळा गरम असतानाच आत घालायचा, बाबांनी वरचा लांब दांडा दाबायचा, आईने खाली ताट धरून शेवया झेलायच्या. पण आईने कंडक्टरसारखी डबल बेल दिल्याशिवाय बाबा दांड्याला हात लावत नसत. ती चमच्याने ताटावर वाजवायची – टिंग टिंग! की बाबा ओरडायचे, "चला, गाडी सुटली!" आम्ही भावंडं हसून लोळायचो.

तर मी एकटीच लागले कामाला. गूळ घालून नारळाचा रस काढला, गोळा आत घातला, पण ताट शोधण्यात वेळ गेला आणि गोळा निवला. दांड्याला अक्षरशः लोंबकळले, तरी ढिम्म! माझी धडपड ऐकून आई पडवीतून आत आली.

"पीठ थंड झाला गो. आता काय खाली येवचा नाय ता."

मी वैतागून बाजूला झाले, टॉवेलला हात पुसत बसले. आई मात्र साच्यापाशी टेकली. सवयीने ताट खाली धरलं, चमचा उचलला... टिंग टिंग.

आणि दांडा खाली आला.

हळूहळू, एका लयीत, पार तळापर्यंत! माझे दोन्ही हात टॉवेलात, आईचे दोन्ही ताटाशी. पांढऱ्याशुभ्र शेवया भराभर उतरत होत्या आणि आई लहान मुलीसारखी ओरडली, "गाडी सुटली गो!"

त्या दुपारी ती दोन वाट्या शिरवाळे जेवली. रस ओरपून! मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना.

नंतर मी प्रयोग केलेच. थंड गोळा घातला, दांड्याला वरवंटा बांधला, स्वतः टिंग टिंग केलं. दांडा तसूभर हलला नाही. लिव्हर, वजन, लाकडाचं आकुंचन... सगळं मांडून पाहिलं. उत्तर नाही.

आई आता व्यवस्थित जेवते. परवा मुंबईहून भावाचा फोन होता, स्टीलचं नवीन मशीन पाठवतो म्हणाला, एका हाताने चालणारं.

आई म्हणाली, "नको रे बाबा. त्येका डबल बेल कळतली काय?"