अक्कांची करटुली

धुळ्याच्या बाजारात लीलाअक्का भाजीचा भाव आधी कधी विचारत नसत. डोंगराकडची बाई टोपली घेऊन बसलेली दिसली की तिच्यासमोर उकिडव्या बसून त्यांचा पहिला प्रश्न असे, "तुनं गाव कोनतं शे?" आणि लगेच दुसरा, "याना कंद भेटी का?" त्यांना लावायला कंद हवा असे. भाजी विकायला आलेली ती बाई वैतागायची. पिशव्या धरून उन्हात उभी असलेली मीही वैतागायचे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अक्का सरकारी दवाखान्यात नर्स, मी शाळेत शिक्षिका. क्वार्टर्समध्ये आमची भिंत एक आणि मागची चिंचोळी जागाही एकच. मेथी-पालक त्यांना नकोच असे. "एकदा लावलं की दरवर्षी आपलं आपण उगवेल असं हवं," म्हणत. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या बाईने हा हट्ट धरावा, याचा मला राग येई.

माहेरची, चोपड्याकडची, आतून पिवळी रताळी त्यांना हवी होती. बाजारात तशीच मिळालेली रताळी ओल्या वाळूत पुरून पाहिली, ती कुजली. मग भावाने गोणपाटात गुंडाळून वेल एसटीने पाठवले. पार्सल डेपोत चार दिवस पडून राहिलं. उघडलं तेव्हा आत नुसता पाचोळा.

त्यानंतर करटुली, पावसाळ्यात रानात वेलावर लागणारी काटेरी फळभाजी. सातपुड्यातल्या एका बाईने सहा कंद आणून दिले. पावसाळ्यात चार वेल भिंतीवर चढले, पिवळी फुलं आली, फळ मात्र एकही नाही. अक्कांनी त्या बाईला बाजारातून थेट घरी आणलं. तिने फुलं उलटून पाहिली आणि म्हणाली, "हाया बठ्ठा नरच शेतस."

चारही वेल नर निघाले होते. करटुल्यात नर आणि मादी वेल वेगळे असतात, फळ धरायला दोन्ही लागतात. कंद पाहून ते कळत नाही, फूल यावं लागतं. पुढच्या पावसाळ्यात अक्का रजा टाकून तिच्या पाड्यावर गेल्या, मादी वेलांना दोरे बांधून आल्या. वेल सुकल्यावर पुन्हा जाऊन कंद खणून आणले आणि मागे पुरले.

त्याच हिवाळ्यात साहेब येणार म्हणून मजूर मागची जागा सपाट करायला आले. "इथं काही आहे का, बाई?" एकाने विचारलं. मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हणाले, "काही नाही."

ड्युटीवरून आल्यावर अक्का अंधार पडेपर्यंत माती चाळत बसल्या. कुदळीने चिरलेले दोन मादी कंद सापडले. त्यांना राख लावताना एवढंच म्हणाल्या, "तुझ्यासमोरच तर पुरले होते." मग महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. उन्हाळ्यात पाचोऱ्याला बदली झाली, तेव्हा ते दोन कंद सोबत घेऊन गेल्या.

पावसाळ्यात भिंतीच्या कडेला एक वेल उगवला. कुदळीतून वाचलेला, आणि नर. मी कळवलं. उलट टपाली त्यांचं कार्ड आलं, "माझ्या दोन्ही माद्या फुलल्या. इथे नर मिळत नाही."

मी त्याच रविवारी वेल मुळासकट उपटला आणि पाचोऱ्याची बस धरली. पोहोचेपर्यंत पानांनी माना टाकल्या होत्या. अक्कांनी कपाळावर हात मारला.

"उभ्या वेलाचा कंद कोणी उपटतं का गं? शिकवतेस ना तू शाळेत?"

तरी त्यांनी तो लावला, पाणी घातलं आणि माझ्यासाठी चहा ठेवला.

पुढचं सबंध वर्ष मी पत्रात त्याची चौकशी केली नाही. धीरच झाला नाही. मग एका श्रावणात कार्ड आलं. त्यावर दोनच ओळी होत्या.

"सात लागली.

ये."