झाकणांवरची नावं

नावं मी झाकणांवर लिहिली होती, प्लेटांच्या तळाला नाही. घरी डाळींच्या डब्यांना आम्ही चिठ्ठ्या झाकणांवरच चिकटवतो. तीच सवय मी लॅबमध्ये नेली. पण खरी चूक त्यानंतरची. मी खोटं बोललो.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या औषध कंपनीत मी लॅब असिस्टंट होतो. आमच्या मॅडम माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवायच्या, भाजलेल्या रुग्णांसाठी. अशा पेशी गोठवून ठेवाव्या लागतात आणि आमच्याकडे लोडशेडिंग. म्हणून त्या सुकवून टिकतात का, हे मॅडमना बघायचं होतं. त्यांचा भरवसा ट्रेहॅलोज नावाच्या साखरेवर होता. ती अळंबीत असते, यीस्टमध्ये असते. पाणी निघून गेलं की ही साखर त्याची जागा धरून बसते आणि पेशीचं आवरण फाटत नाही, असं त्यांनी मला समजावलं होतं. मालकांचा धीर सुटला होता. या वेळी जमलं नाही तर काम बंद, असं ते सांगून गेले होते.

पेशींच्या सहा प्लेटा होत्या, झाकणाच्या चपट्या डबीसारख्या. तीन साखरेच्या, तीन बिनसाखरेच्या. सुकल्यावर मी त्या टेबलावर मांडल्या, झाकणं घालायला घेतली आणि लाईट गेली. खोलीला खिडकी नव्हती. चाचपडताना माझं कोपर लागून झाकणं खाली सांडली. लाईट आल्यावर मी ती पुसून अंदाजानं बसवली.

मॅडमनी प्लेटांत पुन्हा द्रव घातला, मग निळा रंग. मेलेली पेशी निळी होते. त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या. मी मागे उभा होतो. साखरेचं झाकण असलेली एक प्लेट जिवंत, दोन निळ्या. बिनसाखरेच्या दोन जिवंत, एक निळी. जिवंत एकूण तीनच. मला लगेच कळलं, त्या कोणत्या तीन ते.

मान वर न करता त्यांनी विचारलं, "प्लेटांची काही अदलाबदल तर नाही ना झाली?"

"नाही मॅडम."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि साखरेवरचा सोडला. महिन्याभरात काम बंद झालं. त्या उल्हासनगरच्या एका कॉलेजात शिकवायला लागल्या. माझी नोकरी टिकली. पण पुढची तीन वर्षं बदलापूरला घरी साधा डबा उघडतानाही मी आधी आत बघायचो, मग झाकणाकडे.

शेवटी एका शुक्रवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, मी त्यांच्या कॉलेजात गेलो. प्रॅक्टिकल संपेपर्यंत व्हरांड्यात उभा राहिलो. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. त्या बाहेर आल्या, ओळखून हसल्या, घरचे कसे आहेत विचारलं, चहा घेणार का म्हणाल्या. मी नको म्हटलं. चहा घेतला असता तर बोलणं झालं नसतं.

"मॅडम, त्या दिवशी लाईट गेली तेव्हा झाकणं माझ्या हातून पडली होती. मी ती अंदाजानं लावली आणि तुम्हाला खोटं सांगितलं. जगलेल्या तिन्ही प्लेटा साखरेच्याच असणार. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा."