वांग्यावरचा लाल कोळी आणि माझा शहाणपणा

आज मी सासूबाईंच्या वांग्याची चारही रोपं उपटून टाकली. बागकामाच्या या ग्रुपला हे कळायलाच हवं.

सासूबाई बेलपाड्याच्या. शेत गेलं, तरी गावच्या वांग्याचं बी त्यांनी जपून ठेवलं होतं. उरलंसुरलं सगळं बी यंदा आमच्या रोडपालीच्या फ्लॅटमध्ये, काचा लावलेल्या गॅलरीत, कुंड्यांत पेरलं.

दोन आठवड्यांपूर्वी पानांवर बारीक फिकट ठिपके आले. सासूबाई पान उलटून म्हणाल्या, "कोली लागलाय गो. पानं खालून पान्यानं धू, रोज."

मी इथे फोटो टाकला. तुम्ही म्हणालात, खत कमी पडतंय. मी खत घातलं. मग कुणी कीटकनाशक सुचवलं, तेही फवारलं.

आज सकाळी पानांमध्ये जाळी दिसली. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली, तर पडलेले ठिपके चालायला लागले. बोटाने दाबले, तर लालसर रेघ उमटली. कृषी केंद्रात पान दाखवलं. तिथले काका म्हणाले, "हा लाल कोळी. साध्या कीटकनाशकाने मरत नाही. सुरुवातीलाच पानं धुऊन कडुनिंबाचं तेल मारलं असतं, तर रोपं वाचली असती. आता काढून टाका."

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बी संपला." दुपारी जेवल्या नाहीत.

तुमच्यावर राग आहेच. पण जन्मभर शेती केलेली बाई घरात असताना मी तुम्हाला का विचारलं, हे कुणी सांगेल का?