स्टेशन रोडवरचं मलाया हॉटेल

जिनिंग फॅक्टरीच्या शेडमध्ये उडालेला कापूस कोपऱ्यात साठत जातो. रोज झाडला तरी दुसऱ्या दिवशी असतोच. किश्शांचंही तसंच आहे. आपण काही ते गोळा करायला बसत नाही, पण चार माणसं वर्षानुवर्षं एका टेबलावर जेवली की ते आपोआप जमतात. आमचं टेबल मलकापूरच्या स्टेशन रोडवर होतं. महाराष्ट्र नुकता झाला होता. मी जळगाव जामोदहून येऊन एका जिनिंगमध्ये कारकुनी करत होतो. वानखडे मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. देशमुख पिंपळगाव राजाचे, मोठे शेतीवाले, पण कापसाच्या सीझनला मलकापुरातच मुक्काम. तिघांचीही बिऱ्हाडं गावी, त्यामुळे दोन वेळचं जेवण बाहेर.

आमचं हॉटेल होतं रहीमभाईचं. रहीमभाई मूळचा मलकापूरचाच. लढाईच्या वेळी फौजेत आचारी म्हणून गेला, सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत सापडला, सुटल्यावर तिकडेच राहिला. मलायातल्या पिनांगला एका खानावळीत कामाला लागला आणि खानावळवाल्याच्या मुलीशीच निकाह केला. म्हातारी आई इकडे एकटी पडली म्हणून पुष्कळ वर्षांनी परत आला, तो बायकोला घेऊनच. तिचं नाव खतिजा. आम्ही भाभी म्हणायचो.

*

बोर्ड लावला ‘मलाया हॉटेल’. पहिल्या दिवशी जी माणसं आली, ती सगळी मलई मागायला आली.

एका पहिलवानानं तर घरून पितळेचा डबा आणला होता. म्हणाला, “पावशेर द्या.”

रहीमभाई म्हणाला, “बाबू, इथं मलई नाई भेटत. मलाया भेटते.”

“ते काय असते?”

रहीमभाईनं त्याला बसवलं आणि केळीचं पान मांडलं. खोबऱ्याच्या दुधात शिजवलेला भात, तळलेले शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, उकडलेलं अंडं आणि सुक्या जवळ्याची लालभडक चटणी. ओला नारळ आमच्याकडे देवळापुरताच, म्हणून भाभी सुकं खोबरं किसून गरम पाण्यात भिजवायची आणि फडक्यानं पिळायची. पहिलवानानं एक घास खाल्ला, चटणीनं डोळ्यांतून पाणी काढलं. तरी पान चाटूनपुसून उठला. जाताना म्हणाला, “चांगली हाय. पण मलई ठेवत जा.”

दुसऱ्या दिवसापासून रहीमभाईनं मलई ठेवली. बरेच दिवस तीच जास्त खपायची.

*

भाभी आली तेव्हा तिला थोडीशी हिंदी यायची, वऱ्हाडी अजिबात नाही. ती आमच्या टेबलावर ऐकून ऐकून शिकली. आम्ही तिघं एकमेकांशी कसं बोलायचो, ते सांगायला नको. काऊन बे, आज उशीर झाला? जेव ना बे. चाल बे. तिला वाटलं, ‘बे’ म्हणजे ‘जी’सारखा काही मानाचा शब्द असावा.

एकदा गावात नवे फौजदार आले. पुण्याकडचे, पन्नाशीचे, एकटेच राहायचे. कडक म्हणून त्यांची ख्याती त्यांच्या आधीच पोचली होती. ते दुपारी युनिफॉर्ममध्ये हॉटेलात आले तशी सगळी बाकं चिडीचूप झाली. भाभी डोक्यावरून ओढणी घेऊन पुढे झाली आणि अगदी अदबीनं म्हणाली, “या बे फौजदारसाहेब. बसा बे.”

रहीमभाईच्या हातातला झारा तसाच वर राहिला.

फौजदार बसले. त्यांनी शेजारी बसलेल्या मास्तरांना विचारलं, “हे ‘बे’ म्हणजे काय हो?”

मास्तर कधी खोटं बोलायचे नाहीत. घाम पुसत म्हणाले, “साहेब, आमच्याकडे घरच्या माणसाले म्हणतात.”

फौजदार खाली बघून जेवले. हात धुतले, टोपी घातली आणि निघताना रहीमभाईला हळू आवाजात म्हणाले, “बाईंना सांगा, मला तसंच म्हणत जा.”

बदली होईपर्यंत ते रोज यायचे. भाभीला त्या शब्दाचा अर्थ नंतर कळला. पण फौजदारांना ती शेवटपर्यंत तसंच म्हणत राहिली.

*

एकदा मास्तरांनी शाळेतला आशिया खंडाचा नकाशा गुंडाळून हॉटेलात आणला. भाभीला तिचं गाव दाखवायचं होतं. पण दाखवायची वेळच आली नाही. नकाशा टेबलावर पसरताच तिनं किनाऱ्यावरून बोट फिरवत नेलं आणि पिनांगवर ठेवलं.

मग विचारलं, “मलकापूर कुठी हाय?”

मलकापूर त्या नकाशात नव्हतं. मुंबई होती, नागपूर होतं. मास्तरांनी दोन्हींच्या मधे शिसपेन्सिलनं एक ठिपका दिला. “हे पाहा, इथं आपण बसलो आहोत.”

भाभीनं अंगठा पिनांगवर ठेवला आणि पंजा ताणला. करंगळी बरोबर ठिपक्यावर आली. हात तसाच ताणून ती कितीतरी वेळ बसली. भाजी करपल्याचा वास आला तरी उठली नाही.

“एवढंच हाय?” ती म्हणाली. “मंग माही माय गेली तं मले तीन महिन्यांनी काऊन समजलं?”

मास्तर भूगोलाचे. त्यांना वारे, प्रवाह, बंदरं सगळं पाठ होतं. ते नकाशा गुंडाळून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना तो ठिपका दिसला. शाळेच्या वस्तूवर रेघोट्या ओढता म्हणून त्यांनी मास्तरांना सगळ्यांसमोर झापलं. मास्तरांनी रबर घेऊन ठिपका खोडायला सुरुवात केली. राग होता की काय कोण जाणे, इतकं घासलं की कागदच फाटला. त्या शाळेतली पुढची सगळी पोरं आशिया खंड शिकली, ती वऱ्हाडाच्या जागी भोक असलेल्या नकाशावर.

*

रहीमभाई लढाईच्या गोष्टी सांगत नसे. देशमुखांनी खूप खोदून पाहिलं. “जपानी कसे दिसत रे?” असं विचारलं की हा म्हणायचा, “माणसावानी.”

एकदा बाहेरगावचा एक व्यापारी जेवायला आला. अर्धा भात टाकला, विडी ओढली आणि थोटूक त्याच भातात खुपसून विझवलं. रहीमभाई गल्ल्यावरून उठला. त्याच्या समोर येऊन बसला. पान आपल्याकडे ओढलं, थोटूक काढून बाजूला ठेवलं, राख लागलेली शितं वेगळी केली आणि उरलेला भात खायला लागला. चेहऱ्यावर राग वगैरे काही नाही. व्यापारी उठला. तो चप्पल घालून निघून गेला.

देशमुख म्हणाले, “अबे, उष्टं काऊन खाल्लं? कुत्र्याले टाकलं असतं.”

रहीमभाई पाणी प्यायला. म्हणाला, “कँपात माह्या बाजूले साताऱ्याकडचा एक जवान झोपत जाये. लय बिमार होता. एक दिवस त्यानं आपला भात खाल्ला नाई, मुठीत धरून ठेवला. मले म्हणे, रहीम, हा तुले. म्या म्हटलं, तू खा. तो खाये ना, म्या घेई ना. सकाळी पाह्यलं तं गेलेला. मूठ तशीच. उघडून राह्यली नव्हती.”

देशमुखांनी विचारलं, “मंग?”

“मंग काय,” रहीमभाई म्हणाला. “उघडली म्या.”

त्या दिवसानंतर आमच्या टेबलावर कोणी शीत टाकलं नाही. देशमुखांच्या घरी रोज पंगती उठायच्या, पण तेही पान बोटानं निपटायला लागले. त्यांच्या घरचे म्हणायचे, मलकापूरला राहून हे हावरट झाले.

*

पुढे पाऊस नीट न झाल्याची वर्षं आली. रेशनवर तांदूळ मिळेना, मिळाला तर खडे जास्त. त्याच सुमाराला रहीमभाईला खोकला लागला तो सुटेना. खामगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि घरीच ठेवा म्हणाले. हॉटेलच्या मागच्या खोलीत त्याची खाट टाकली होती.

एका दुपारी आम्ही तिघं त्याच्याजवळ बसलो होतो. भाभी ताटली घेऊन आली. तिनं ज्वारी भरडून तिच्या कण्या खोबऱ्याच्या दुधात शिजवल्या होत्या. मऊ, पांढुरक्या. रहीमभाईला आता फारसं दिसत नव्हतं. दोन घास त्यानं खाल्ले.

“तांदूळ कुठून आणला?” त्यानं विचारलं.

“पिनांगहून आला,” भाभी म्हणाली.

“चांगला हाय,” तो म्हणाला आणि सगळं संपवलं.

बाहेर आल्यावर मास्तर मला म्हणाले, “बरं झालं, त्याले समजलं नाही.”

देशमुख जोडे घालत होते. वर न बघता म्हणाले, “अबे मास्तर, तो आचारी होता.”

*

रहीमभाई उन्हाळ्यात गेला. मूलबाळ नव्हतं, आई आधीच गेलेली. चाळिसावा झाला तसे त्याचे चुलतभाऊ हॉटेलच्या जागेवर येऊन उभे राहायला लागले. भिंती बघायचे, पत्रे बघायचे. भाभीशी बोलायचे नाहीत.

देशमुखांनी ठरवलं, बाईला तिच्या माणसांत पोचवायचं. पिनांगला तिचा भाऊ होता. देशमुखांच्या ओळखी पार मुंबईपर्यंत. कागदपत्रं, बोटीची जागा, सगळं त्यांनी केलं. भाभीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “हाव.” होकार तेवढाच.

मास्तरांना रजा मिळाली नाही. मुंबईपर्यंत पोचवायला मी आणि देशमुख गेलो. स्टेशनवर मास्तर तिला म्हणाले, “जपून जा, भाभी,” आणि गाडी हलायच्या आतच पाठ फिरवून चालू लागले.

बोट दुसऱ्या दिवशीची होती. दुपारी गोदीजवळच्या एका गल्लीतून चाललो होतो, तर भाभी एका दारासमोर थांबली. माडाचं चित्र काढलेला बोर्ड होता. खाली इंग्रजी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. ते इंग्रजी नव्हतं. भाभीनं एकेक अक्षर लावत वाचलं आणि ती आत गेली. आम्ही मागोमाग.

खलाशांचं हॉटेल होतं ते. लाकडी बाकडी, ॲल्युमिनियमच्या ताटल्या. कोपऱ्यात तीनचार खलाशी जेवत होते. चौकड्याची लुंगी नेसलेला एक म्हातारा आतून आला. भाभी त्याच्याशी तिच्या भाषेत बोलली. इतक्या वर्षांत आम्ही ती भाषा तिच्या तोंडून कधी एवढी ऐकली नव्हती. आवाजसुद्धा वेगळा वाटला, एखाद्या तरण्या पोरीचा असावा तसा. देशमुख माझ्याकडे बघत राहिले.

जेवण आलं. भाताची वाटीनं पाडलेली मूद, शेंगदाणे, काकडी, चटणी, वर तळलेला मासा. इथं नारळ ओला होता, ते वासावरूनच कळत होतं. देशमुख एक घास खाऊन म्हणाले, “भाभी, हे तं अस्सल हाय.”

भाभीनं मान हलवली. सावकाश जेवली. ताटलीत शीत ठेवलं नाही.

मग ती उठून आतल्या दाराशी गेली आणि म्हाताऱ्याला काहीतरी विचारलं. पिनांग हा शब्द तेवढा आम्हाला समजला, आणि तिच्या भावाचं नाव. म्हाताऱ्यानं हात पुसले. बराच वेळ बोलला. ती ऐकत होती. मधे एकदा तिनं काहीतरी विचारलं, त्यावर त्यानं नुसती नकाराची मान हलवली. शेवटी त्यानं तळवे पसरून दुवा पुटपुटली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो आत निघून गेला.

भाभी नळावर गेली. हात धुतले, तोंड धुतलं, ओढणीनं पुसलं. आमच्याजवळ येऊन बाकाखालचं गाठोडं ओढून घेतलं.

“देशमुखभाऊ,” ती म्हणाली, “मलकापूरची गाडी कवा हाय?”

देशमुख घाबरले. “अवो भाभी, उद्या बोट हाय ना. काय म्हणे तो? काय झालं?”

तिनं गाठोडं काखेत नीट घेतलं.

“भात बरा होता,” ती म्हणाली. “शेंगदाणे जाळले त्यानं.”

आणि आमच्या पुढे होऊन ती बोरीबंदरच्या दिशेनं चालायला लागली.