आप्पांचा भाडेकरू

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, स्वतःच्या पोटच्या पोराला भाडेकरू म्हणून लिहून द्यावं ही कल्पना माझी. दुसऱ्या कुणाची नव्हे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवालपवी नको.

नवऱ्याला जर्मनीला जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. इथं तो फौंड्रीत होता, तिकडच्या एका ओतकामाच्या कारखान्यानं त्याला नेलं. काम तेच, पगार चौपट. पण राहायला कंपनीची खोली, एका खोलीत दोघं. मला आणि लेकीला न्यायचं तर व्हिसाच्या अर्जाला घराचा भाडेकरार जोडावा लागतो, आणि तोही तिघांना पुरेल एवढ्या घराचा. घर नाही तर व्हिसा नाही. अर्ज द्यायची तारीख आम्हाला सहा आठवड्यांनंतरची मिळाली होती. ती हुकली तर पुढची कधी मिळेल, देव जाणे.

लेक सात वर्षांची. पहिले दोन महिने फोन वाजला की धावायची. मग हळूहळू "मला अभ्यास हाय, बाबाला नंतर बोलते म्हणून सांग" असं सुरू झालं. अभ्यास कसला डोंबलाचा! चित्रं रंगवत बसायची. बाप तिकडं फोन हातात धरून बसलेला आणि ही इकडं मान वर करायला तयार नाही. ते बघून मला राग यायचा. राग आला की मी कुणाला आवरत नाही.

मला वाटलेलं, घर काय, पैसे टाकले की मिळतं. आपल्याकडं कसं, पानपट्टीवर विचारायचं, "खोली हाय का हो कुठं?" मालक विचारणार, पावणं कुठलं, काय करता, घरात माणसं किती. तेवढ्यात चहा येतो, चहात एखादी सोयरीक निघते, इसाराचे हजार-दोन हजार हातावर ठेवले की खोली आपली. तिकडं एक घर बघायला वीस-वीस जणांची रांग. प्रत्येकाच्या काखेत फाईल. पगाराची कागदं, बँकेची कागदं, कर्ज थकलं नसल्याचा दाखला. तीन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत नवऱ्यानं कधीची बाजूला काढून ठेवलेली, पण ती घ्यायला कुणी हात पुढं करेना.

आमचं दुकान कोल्हापुरात, शाहूपुरीत, वर आणि मागं घर. शेतीपंपाचे सुटे भाग विकतो. आप्पा चाळीस वर्षं त्या गल्ल्यावर. सासूबाई जाऊन चार वर्षं झालेली. रोज जेवताना आप्पांचा एकच प्रश्न, "गावलं का घर?"

"नाही आप्पा."

"इसार दे म्हणावं की त्याला! नुसतं बघून काय हुतंय?"

"तिकडं इसार घेत नाहीत."

"मग काय घेत्यात?"

"कागद."

"कागद खात्यात व्हय ती माणसं?" म्हणायचे आणि भाकरी मोडायचे.

चौदावं घर एका म्हाताऱ्या बाईचं होतं. शाळेतनं निवृत्त झालेली. नवरा तिला आवडला असावा, कारण तिनं त्याला बसवून कॉफी पाजली. रोज दोनदा खिडक्या उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी येते, एवढं बजावलं. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे गगनबावड्याचंच हवापाणी म्हण की." दोन खोल्या, स्वयंपाकघर, खाली झाडं. शाळा पलीकडच्या गल्लीत. नवऱ्याचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. बाईनं फक्त एक कागद आणखी मागितला. आधीच्या घरमालकाची चिठ्ठी, की हा माणूस वेळेवर भाडं देत होता आणि काही बाकी नाही.

"आता आधीचा मालक कुठनं आणू?" नवरा म्हणाला. "जन्मलो त्याच घरात राहिलोय. जाऊ दे, दुसरं बघू."

"दुसरं बघू, दुसरं बघू! तुमचं दुसरं बघेपर्यंत पोरगी बारावीला जाईल," मी फोनवर ओरडले. "मी आणते कागद. तुम्ही गप्प बसा."

मी शाळेत इंग्रजी शिकवते. अर्धा तास लागला. अमुक माणूस माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर कुटुंबासह भाड्यानं राहत होता, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भाडं देत होता, वागणूक उत्तम. खाली घरमालक म्हणून आप्पांचं नाव. कागद घेऊन दुकानात गेले.

आप्पांनी विचारलं, काय लिहिलंय? सांगितलं.

"पोराकडनं भाडं घेतलं म्हणून सही करू व्हय मी?"

"एक सहीच आहे, आप्पा. तिकडनं कोण बघायला येणार आहे?"

"सही म्हंजे गंमत वाटली व्हय तुला? राधानगरीचा माणूस बेअरिंग घिऊन जातोय, बिलाकडं बघतबी न्हाय. का बघत न्हाय?"

मग मी बोलू नये ते बोलले. म्हणाले, "राहू द्या. तुमचं नाव स्वच्छ राहू दे. पोरीला बाप नसला तरी चालतंय."

दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं, ते उगाच वर पंख्याकडं बघायला लागलं. आप्पांनी चष्मा लावला. "कुठं करायची?" विचारलं. सही केली, दुकानाचा शिक्का मारला. शिक्का मारला की त्यावर फुंकर घालून वाळवायची त्यांची सवय. त्या दिवशी फुंकर घातली नाही, कागद तसाच ओला माझ्याकडं सरकवला. मी तो उचलून निघाले. मला फक्त घर दिसत होतं.

चार दिवसांनी बाईचं उत्तर आलं. नवऱ्यानं मला तसंच पुढं पाठवलं. तिनं लिहिलं होतं, भाडेकरूच्या नावात मधे जे नाव आहे तेच घरमालकाचं नाव आहे, आडनावही एकच. माझ्या शेजारी एक भारतीय कुटुंब राहतं, त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं, तुमच्याकडं मधे बापाचं नाव लावतात. हे तुमचे वडील आहेत का?

अगं बाई! वर्गात मीच पोरांच्या डोक्यात टपली मारून सांगते, पूर्ण नाव लिहा, बापाचं नाव खाऊ नका. जन्मापासून जे लावत आलो ते डोळ्याला दिसलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि पुढची ओळ तर आणखी बोचणारी होती. वडिलांच्या घरी राहत होतो असं खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण सुरुवातच खोट्यानं करणाऱ्याला मी घर देणार नाही.

चाललं असतं! तसंच चाललं असतं!

नवरा फोनवर माझ्यावर घसरला. "तू म्हणालीस म्हणून मी पाठवलं. कोल्हापुरात बसून उंटावरून शेळ्या हाकतेस." मी म्हणाले, "मग माझ्यासाठी केलं काय मी? तुम्हाला कळत नव्हतं, मुकाट्यानं पाठवायला?" स्वयंपाकघरात फोन मोठ्या आवाजात लावून मी कणीक मळत होते. मागं वळून बघते तर दारात आप्पा. सगळं ऐकलं होतं. पाणी प्यायला आलेले, न पिताच गेले.

दोन दिवस त्यांनी जेवताना "घर गावलं का" हेही विचारलं नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मला शिव्यांना उत्तर देता येतं. तिसऱ्या दिवशी शाळेतनं आले तर दुकानातनं हाक मारली आणि एक कागद हातात ठेवला. दुकानाच्या लेटरहेडवर, बॉलपेननं, दाबून दाबून लिहिलेलं. लिहिताना आप्पांची भाषा शाळेतली होते.

"बाईसाहेबांस नमस्कार. आधीचा कागद खोटा आहे. सही माझी, लबाडीही माझी. तो माझा भाडेकरू नाही, मुलगा आहे. छत्तीस वर्षे या घरात राहिला, एक पैसा घेतला नाही. लहानपणी क्रिकेट खेळताना समोरच्यांच्या तीन काचा फोडल्या, त्या मी बसवून दिल्या. त्यानंतर काही फोडलेले नाही. घर द्यावे म्हणून लिहीत नाही. खोटा कागद माझ्या शिक्क्याने तुमच्याकडे राहू नये म्हणून लिहितो."

"ह्येचं इंग्रजी कर. एक शब्दबी इकडचा तिकडं करू नगंस."

"पण आप्पा, कागद मी केला होता. लबाडी माझी का लिहिलंत?"

"शिक्का कुणाचा हाय?" म्हणाले. "मग झालं तर."

ते इंग्रजी करताना मला रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं, दुसरं काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाकडनं मी खोटं करवून घेतलं होतं, आणि वर पोरीचा बाप त्याच्या तोंडावर फेकला होता. तो तर त्यांचाही मुलगाच ना.

आठवड्यानं बाईनं कळवलं. तिचं घर दुसऱ्याला गेलं होतं. पण शेजारच्या गावात तिच्या बहिणीचा वरचा मजला रिकामा होणार होता, आणि तिनं आप्पांचं पत्र बहिणीला वाचून दाखवलं होतं. तीन काचांवर दोघी खूप हसल्या म्हणे. बहिणीनं नवऱ्याला बोलावून घर दाखवलं, अनामत ठरली, आणि एक छापील फॉर्म धाडला. तो भरून दिला की करार. व्हिसाच्या तारखेला दहा दिवस उरले होते.

मी फॉर्म भरायला बसले. नाव, वय, पगार, माणसं किती, कुत्रं-मांजर आहे का. खाली एक रकाना होता. सध्याचं घर सोडत असल्याची सूचना घरमालकाला कधी दिली?

नवरा म्हणाला, "माझी खोली कंपनीची, लागू नाही म्हणून लिही. छापील आहे, सगळ्यांनाच विचारतात."

मी पेन टेकवलं आणि थांबले. माझं आणि पोरीचं सध्याचं घर हेच, आणि घरमालक आप्पा. जाताना नवरा आप्पांच्या पाया पडून म्हणाला होता, "दोनच वर्षं, आप्पा. जरा पैसे गाठीला बांधतो आणि येतो." आणि हा करार बेमुदत होता. पोरगी तिकडच्या शाळेत जाणार, तिकडची भाषा शिकणार. दोन वर्षांत कोण परत येतंय? मला आणि नवऱ्याला हे केव्हाच ठाऊक होतं. फोनवर त्यावर बोलायचो तेव्हा मी आवाज मोठा ठेवत नव्हते. ज्या माणसाकडं रोज घराचं रडगाणं गायलं, ज्याची सही घेतली, शिक्का घेतला, त्याला आम्ही एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

फॉर्म घेऊन खाली दुकानात गेले. आप्पा एका गिऱ्हाइकाला पंपाचा पट्टा बांधून देत होते.

"आप्पा, ह्यात एक विचारलंय." मी रकाना वाचून दाखवला.

"कसली सूचना?"

"आप्पा, आम्ही चाललोय." मी फॉर्म गल्ल्यावर ठेवला. "दोन वर्षांसाठी नव्हे. पोरगी तिकडंच मोठी होणार. तुम्हाला आधी सांगायला पायजे होतं, सांगितलं नाही."

त्यांचे हात थांबले नाहीत. पट्ट्याभोवती सुतळीचे दोन वेढे घातले, गाठ मारली, दातानं सुतळी तोडली. गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं. मग चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला.

"तिकडं किती आदी सांगाय लागतंय मालकाला?"

"तीन महिने."

भिंतीवरच्या कॅलेंडरकडं त्यांनी बघितलं. चष्म्याशिवाय त्यांना ते दिसत नाही.

"मग आजपास्नं मोज," म्हणाले.

मी रकान्यात त्या दिवसाची तारीख लिहिली.